रॉबिन कितीदा घरटं बांधतो?

आईला मी ऑपेरा दाखवायला एकदाच नेलं. नरिमन पॉइंटला एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, त्यात इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ‘मादामा बटरफ्लाय’ होता. आई तेव्हा पंच्याहत्तरीला आलेली. खाली इंग्रजीतून अर्थ येतो तो वाचत राहा, असं तिला बजावलं, पर्समध्ये मोठा रुमाल टाकला (माझ्यासाठी) आणि निघालो. पहिल्या अंकात ती थोडी पेंगली. दुसऱ्या अंकात मात्र सरसावून बसली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “घराचं भाडं कोण भरतंय गं?”

मी गडबडले. इतकी वर्षं हा ऑपेरा ऐकतेय, त्यातली गाणी मला झोपेत कळतात, पण भाड्याचा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गंमत म्हणजे उत्तर संहितेत आहे. नागासाकीच्या टेकडीवरचं ते घर पिंकर्टन या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्यानं ९९९ वर्षांच्या करारानं घेतलंय, आणि दर महिन्याला करार मोडायची मुभा ठेवलीय. पंधरा वर्षांच्या चो-चो-सानशी, म्हणजे बटरफ्लायशी, लग्नही त्याच अटीवर. तो निघून गेल्याला तीन वर्षं झाली तरी भाडं अमेरिकन वकिलातीमार्फत चुकतं होतंय. आणि दासी सुझुकी शंका काढते तेव्हा बटरफ्लाय नेमका तोच पुरावा पुढे करते. यायचंच नसतं तर भाड्याची सोय कशाला करून गेला असता?

“वाटलंच मला,” आई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

आई लग्नाआधी मालवणात पोस्टात कारकून होती. साठीच्या दशकातलं मालवण. घरोघरचे पुरुष मुंबईला गिरणीत, आणि बायका भात, गुरं, सासू-सासरे सांभाळत मागे. पोस्टमन घरी येईपर्यंत कुणाला दम नसे. “मनीऑर्डर इली काय गो बाय?” म्हणत बायका थेट खिडकीवर येऊन उभ्या राहत. पैशाइतकंच त्यांचं लक्ष फॉर्मच्या खालच्या कुपनावर असायचं, कारण तिथं चार ओळी लिहायला जागा असायची. बहुतेकदा तिथं काही लिहिलेलं नसायचं. “पण पैसे येतायत ना, मग माणूसही येईल, असं त्या धरून चालायच्या,” आई म्हणते. त्यामुळे माझ्या आईला पुच्चिनीची नायिका दहा मिनिटांत कळली. मला पंचवीस वर्षांत कळली नाही असं नाही, पण कळली ती सुरांतून, आणि सूर फसवतात.

माझं सांगायचं तर वयाच्या विशीपर्यंत ऑपेरा हाऊस हा माझ्यासाठी एक बसथांबा होता. गिरगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचे व्यापारी, फुटपाथवर पुड्या उघडून मालाचा भाव करणारे. १९११ साली पंचम जॉर्जनं उद्घाटन केलेल्या त्या इमारतीवरून हे नाव पडलंय हे आम्हाला माहीत होतं, पण ऑपेरा म्हणजे काय, असं कुणी कुणाला विचारलं नाही. पुढे नोकरीला लागले तेव्हा तिथल्या एका पारशी बाईंनी मला एक कॅसेट दिली. त्यातलं तिसरं की चौथं गाणं होतं ‘उन बेल दी वेद्रेमो’, बटरफ्लायचं. भाषा येत नव्हती. चर्नी रोडच्या फलाटावर उभी राहून ऐकलं आणि वाटलं, कुणाला तरी फार मोठी आनंदाची बातमी मिळाली आहे.

अर्थ नंतर कळला. ती सुझुकीला सांगते आहे की एक दिवस समुद्राच्या टोकाशी धुराची रेघ दिसेल, मग जहाज दिसेल. मी खाली धावत जाणार नाही, टेकडीच्या कडेला उभी राहीन. तो हाका मारत वर येईल तेव्हा मी जरा लपेन, थोडं चेष्टेनं, आणि थोडं अशासाठी की त्या पहिल्या भेटीतच मरून जाऊ नये. शेवटचे शब्द कळले तेव्हा मी खरंच जागच्या जागी बसले. ती कुठलीही बातमी सांगत नाहीये. पुढ्यात बसलेली सुझुकी रडते आहे. आणि तरीही सूर इतका भरवशाचा, की मला परक्या भाषेत बातमी ऐकू आली होती. हे पुच्चिनीचं कसब. त्याच्या नायिका खोटं बोलत नाहीत. तोच त्यांच्या वतीनं आपल्याला थाप मारतो, आणि आपणही ती गिळतो, कारण ती फार सुंदर असते.

याच अंकात माझा सगळ्यांत आवडता प्रसंग आहे. त्यात रडणं नाही, मोठं गाणं नाही. अमेरिकन वकिलातीतला अधिकारी शार्पलेस पिंकर्टनचं पत्र घेऊन येतो. त्याला वाईट बातमी फोडायची आहे. ती त्याला सिगरेट देऊ करते, ख्यालीखुशाली विचारते आणि मध्येच म्हणते, एक शंका आहे, अमेरिकेत रॉबिन पक्षी घरटं कधी बांधतात? कारण तो जाताना सांगून गेला होता की रॉबिन घरटं बांधतील त्या मोसमात मी परत येईन. इथं तर त्यांनी तीनदा घरटं बांधून झालं. तुमच्याकडे कदाचित इतक्या वेळा बांधत नसतील? शार्पलेस बिचारा काय बोलणार! तो म्हणतो, मला पक्षिशास्त्र येत नाही. तेवढंच.

आपल्याकडे कावळा असतो. कावळा कोकलला की कुणी तरी येणार, आणि ज्ञानदेवांच्या विरहिणीनं तर त्याचे पाय सोन्यानं मढवायचं कबूल केलं होतं. पण विरहिणी कावळ्याला लाच देते; ही पोर पक्ष्याची बाजू घेऊन कॅलेंडरात चूक शोधते. या एका प्रश्नात ती किती हुशार आहे ते दिसतं, आणि ती हुशारी कुठं खर्ची पडतेय तेही. इलिका आणि जाकोझा या दोघा संहिताकारांनी लिहिलेल्या ओळी, पण पुच्चिनीनं त्या अशा हलक्या हातानं सोडल्या आहेत की प्रेक्षक हसतात. मग हसल्याची लाज वाटते.

आता कबुली देते. पुच्चिनी मला आवडतो आणि त्याचा मला राग येतो, आणि या दोन गोष्टी मला अजून वेगळ्या काढता आलेल्या नाहीत. मोजायला बसलं तर मानों लेस्को वाळवंटात पाण्यावाचून मरते, मिमी क्षयानं, तोस्का रोमच्या कास्तेल सांतांजेलो किल्ल्याच्या तटावरून उडी टाकते, बटरफ्लाय बापाच्या खंजिरानं, सिस्टर आंजेलिका विष घेते, लिऊ स्वतःला भोसकते. एकेकीचं मरण कारणासहित पटतं. सलग सात-आठ संध्याकाळी ऐकलं की मात्र शंका येते, की हा माणूस आधी मरण रचतो आणि मग तिथपर्यंत पोचेल अशी एक बाई शोधतो. ‘ला बोएम’मधलं मिमीचं मरण लिहून झाल्यावर तो लहान मुलासारखा रडला असं त्यानंच सांगून ठेवलंय. आणि हस्तलिखितात त्या जागी कवटी आणि दोन हाडांचं चित्रही काढलंय. शाळकरी मुलं वहीत काढतात तसं. रडणारा आणि कवटी काढणारा, दोघं एकच. ते चित्र कळल्यापासून चौथ्या अंकात मला दरवेळी ते डोळ्यांपुढे येतं.

मिमीवर माझं फार प्रेम नाही, हे अनेकांना रुचणार नाही. कशिदा काढणारी, खोकणारी, गरीब, गोड. पण चौथ्या अंकात मरणाच्या खाटेवर ती रोडोल्फोला एक वाक्य ऐकवते आणि मी तिच्यापुढे नमते. पहिल्या अंकात अंधारात तिची किल्ली पडते, दोघं चाचपडत शोधतात. त्याला सापडते, तो ती गुपचूप खिशात टाकतो आणि शोधत राहिल्याचं नाटक करत तिचा हात हाती घेतो. ‘चे जेलिदा मानिना’ तिथंच येतं, जगातल्या बहुतेक टेनरांचं, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकांचं, हक्काचं गाणं. आणि तीन अंक उलटून गेल्यावर मिमी हळूच सांगते, आता सांगायला हरकत नाही, तुम्हाला किल्ली फार लवकर सापडली होती. म्हणजे तिला ठाऊक होतं! ती आख्खी पहिली भेट तिनं जाणूनबुजून घडू दिली होती. पुच्चिनीच्या बायका भोळ्या असतात असं म्हणणाऱ्यांना मी हे एक वाक्य ऐकवते.

तोस्काचं वेगळं. ती स्वतः गायिका आहे, मत्सरी आहे, भक्त आहे, आणि स्कार्पियासारख्या पोलीसप्रमुखाला जेवणाच्या टेबलावरच्या सुरीनं मारते. मारल्यावर त्याच्या डोक्याशी दोन मेणबत्त्या लावते, छातीवर क्रूस ठेवते, मग जाते. तिसऱ्या अंकात प्रियकराला खोट्या गोळ्या झाडणार आहेत असं समजून ती त्याला पडायचं कसं ते शिकवते, रंगभूमीवर तोस्का पडते तसं. गोळ्या खऱ्या असतात. तो पडतो आणि ती कौतुकानं म्हणते, काय कलावंत आहे! या ओळीवर मला कधी रडू आलं नाही, गारठायला होतं. तोस्काबद्दल माझी तक्रार नाही. तिचं ‘विस्सी दार्ते’ कथानक अडवून धरतं असं स्वतः पुच्चिनीला वाटायचं म्हणे, आणि लोक तर त्याच तीन-चार मिनिटांसाठी तिकीट काढतात. मीही.

हे सगळं मी ज्या घरात बसून ऐकत आले त्या घरात आजीची सिंधू आधीपासून राहत होती. आजीनं तरुणपणी बालगंधर्वांचा ‘एकच प्याला’ पाहिला होता. कुठल्या थिएटरात ते तिला शेवटी शेवटी आठवत नसे, पण फाटक्या लुगड्यातली, जात्याशी बसलेली सिंधू आठवायची. दारुड्या नवऱ्यानं संसाराची राख केली तरी त्याचे पाय न सोडणारी, मरतानाही त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून धडपडणारी. आजी ते सांगताना पदरानं डोळे पुसायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, उठून माहेरी का गेली नाही?” आजी चिडायची. “तुला गाणं कळत नाही,” म्हणायची. सासू-सुनेच्या भांडणांतलं हे सर्वांत सुसंस्कृत भांडण होतं, आणि ते वीसेक वर्षं चाललं. माझी सहानुभूती तेव्हा आईकडे असायची. आता मी खुर्चीत बसून बटरफ्लायसाठी रुमाल काढते तेव्हा मी आजी असते, आणि शेजारी आई भाड्याचं विचारते.

गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. सिंधू रंगमंचावर उभी राहिली ती त्याच वर्षी, पण त्यांच्या पश्चात. पुच्चिनी नोव्हेंबर १९२४ मध्ये ब्रसेल्सला गेला आणि त्याची शेवटची नायिका लिऊ मिलानच्या ला स्कालात आली ती २५ एप्रिल १९२६ ला. ‘तुरांदोत’ अपुराच राहिला होता. त्या पहिल्या रात्री वाद्यवृंद चालवणाऱ्या तोस्कानिनीनं लिऊच्या मरणानंतर छडी खाली ठेवली, कारण गुरूनं इथवरच लिहिलं होतं.

लिऊ ही गुलाम मुलगी. राजपुत्र कलाफ एकदा राजवाड्यात तिच्याकडे बघून हसला होता, एवढ्या भांडवलावर ती त्याच्या आंधळ्या म्हाताऱ्या बापाला घेऊन वणवण फिरते, आणि त्याचं नाव सांगावं लागू नये म्हणून यातना सोसून मरते. तिच्या शेवटच्या गाण्याचे शब्द पुच्चिनीनं स्वतः लिहिलेले आहेत. लिऊपाशी आलं की मला नेहमी दोरिया मानफ्रेदी आठवते, आणि मग गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

१९०३ साली पुच्चिनीला मोटारीचा मोठा अपघात झाला. पाय मोडला, महिनोन् महिने अंथरुणावर. त्याच्या शुश्रूषेसाठी तोर्रे देल लागोच्या घरी गावातली ही मुलगी कामाला लागली. पुढे काही वर्षांनी त्याच्या बायकोला, एल्व्हिराला, संशय आला. संशयाला जागा असायची, पुच्चिनी काही साधू नव्हता. पण तिनं पकडलं या मुलीला. कामावरून काढलं, गावभर बदनामी केली, रस्त्यात गाठून शिव्या दिल्या. जानेवारी १९०९ मध्ये दोरियानं विष घेतलं. काही दिवस तडफडून गेली. शवविच्छेदनात ती कुमारिका असल्याचं निघालं. घरच्यांनी खटला भरला, एल्व्हिराला पाच महिन्यांची शिक्षा झाली, पण पुच्चिनीनं पैसे देऊन तडजोड केली आणि ती तुरुंगात गेली नाही.

लिऊ म्हणजे दोरियाच, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. असेलही. मला मात्र त्यात पुच्चिनीचं प्रायश्चित्त बघवत नाही. लिऊच्या मरणाला आख्खा वाद्यवृंद आहे, मागून चालणारी मूक गर्दी आहे, तिचा हात धरून जाणारा आंधळा म्हातारा आहे. तळ्याकाठच्या त्या गावात विष पोटात घेऊन पडलेल्या मुलीला यातलं काय मिळालं?

आणि इथं एक गोष्ट निघते जी मला बराच काळ दिसलीच नव्हती. दोरिया गेली तेव्हा पुच्चिनीच्या टेबलावर जो ऑपेरा अर्धवट पडला होता, त्यातली नायिका जगते. ‘ला फांच्युला देल वेस्त’, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत दारूचा गुत्ता चालवणारी मिनी. खाणकामगारांना बायबल वाचून दाखवते, पिस्तूल बाळगते. तिनं माळ्यावर लपवलेल्या जखमी दरोडेखोराचं रक्त खाली शेरिफच्या हातावर ठिबकतं, तर ती शेरिफला म्हणते, चल, पोकर खेळू, जिंकले तर माणूस माझा. आणि मोज्यात लपवलेले पत्ते काढून जिंकते! लबाडी करून! शेवटी फासाच्या दोरापाशी घोड्यावरून येऊन त्याला सोडवते आणि दोघं निघून जातात. १० डिसेंबर १९१० ला न्यूयॉर्कच्या मेटमध्ये पहिला प्रयोग झाला. तोस्कानिनी वाद्यवृंदाचा नेता, कारुसो नायक, एमी डेस्टिन नायिका. गाजला खूप. आज मात्र बोएम, तोस्का, बटरफ्लाय यांच्या तुलनेत कितीसा होतो? आणि त्यातलं वेगळं काढून गायलं जाणारं, लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं एकच आहे. तेही मिनीचं नाही, नायकाचं आहे.

म्हणजे जिला त्यानं जगवलं, तिला गुणगुणता येईल असं गाणं दिलं नाही. हा दोष त्याचा असं मी बरीच वर्षं म्हणत होते. मग एकदा माझा फोन चाळला. बटरफ्लायची सहा ध्वनिमुद्रणं. तोस्काची चार. मिनीचं एकही नाही.

बटरफ्लायची पहिली रात्र, १७ फेब्रुवारी १९०४, ला स्काला, पार फजितीची झाली होती. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पक्ष्यांचे, जनावरांचे आवाज काढले. पुच्चिनीनं ऑपेरा मागे घेतला, दुरुस्त केला, आणि २८ मेला ब्रेशा गावी पुन्हा आणला तेव्हा तो उचलला गेला. दुरुस्तीत काय झालं? लांबलेला दुसरा अंक तोडून मध्ये विश्रांती दिली. जपानी नातेवाइकांची, नोकरांची पिंकर्टननं केलेली टवाळी कमी केली. आणि शेवटाकडे पिंकर्टनला पश्चात्तापाचं एक छोटं गाणं दिलं. ते गाणं सुरेल आहे, टेनर लोक प्राण ओतून गातात, आणि मला दरवेळी त्या पिंकर्टनच्या कानाखाली मारावंसं वाटतं. गाऊन तो पळून जातो. बटरफ्लायला त्याच्यापासून झालेला मुलगा मागायचं काम आपल्या अमेरिकन बायकोवर आणि शार्पलेसवर टाकून. बटरफ्लायचं मरण मात्र पहिल्या रात्री होतं तिथंच राहिलं. प्रेक्षकांना सहन होईना ती गोष्ट बदलावी लागते, आणि तिचं मरण प्रेक्षकांना सहन होत होतं.

त्या दिवशी एनसीपीएत रात्रीच्या वाट बघण्याचा प्रसंग आला. जहाज बंदरात लागलंय. बटरफ्लायनं लग्नाची वस्त्रं नेसलीत, घरभर फुलं पसरलीत, आणि कागदी सरकत्या दाराला तीन भोकं पाडलीत. एक तिच्या उंचीचं, एक सुझुकीसाठी जरा खाली, आणि एक अगदी खाली, मुलासाठी. तिघं उंदरांसारखी गप्प बसून बाहेर बघत राहतात. पडद्याआडून मिटल्या ओठांचा समूहस्वर येतो, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. मेटच्या त्या निर्मितीत मुलगा म्हणजे एक बाहुला आहे. काळ्या कपड्यांतली तीन माणसं त्याला चालवतात. सुझुकी झोपते, मुलगा झोपतो. ती उभी राहते. पहाट होते.

मी रुमाल काढला. आईचे डोळे कोरडे होते, पण ती त्या खालच्या भोकाकडे बघत होती.

शेवटी ती मुलाचे डोळे बांधते, हातात अमेरिकेचं चिमुकलं निशाण देते आणि पडद्यामागे जाते. बाहेर पिंकर्टनच्या हाका. वाद्यवृंदाचा शेवटचा स्वरसमूह घरी पोचत नाही, पायरी चुकावी तसा भलत्याच ठिकाणी थांबतो. दिवे लागले. लोक नाकं शिंकरत उठले. आई म्हणाली, “चल, टॅक्सी मिळायची नाही नंतर.”

मरीन ड्राइव्हवर मी तिला विचारलं, मालवणच्या त्या बायकांचं पुढे काय झालं?

“काय व्हायचंय? पाऊस लागला की भात लावायला गेल्या. एक तर पुढे सरपंच झाली.” मग बराच वेळ ती समुद्राकडे बघत होती. “तो पक्षीवाला म्हणाला ना, मला त्यातलं शास्त्र कळत नाही म्हणून?”

“शार्पलेस.”

“तोच. आम्ही म्हणायचो, टपालाची थैली अजून फोडली नाही, संध्याकाळी ये.”

“आणि थैली?”

“सकाळीच फोडलेली असायची की. त्यात तिचं काही नाही हे आधी बघूनच ठेवायचे मी. पण तोंडावर कसं सांगायचं?”

“मग त्या संध्याकाळी यायच्या?”

“यायच्या ना,” आई म्हणाली. “केस विंचरून यायच्या.”